पायथनचं मॉडेल जावातून कसं वापरायचं? सल्ला पाहिजे (नागपूर)

संत्रानगरी_डेव्ह
नमस्कार मंडळी. मी नागपुरात बसतो, काम काटोलकडच्या एका पॅकिंग हाऊसचं करून राहिलो. त्यांचं आवक, पावती, बिलिंग सगळं जुनं जावात आहे, विंडोजवर, अन ते बदलायची परवानगी नाही. आता बेल्टवरच्या कॅमेऱ्यातून फोटो घेऊन डागी संत्री वेगळी काढायची आहेत, त्याचं मॉडेल आमच्या टीममधल्या ताईंनी पायटॉर्चमध्ये (मॉडेल शिकवायची पायथनची लायब्ररी) बनवलं अन ते छान चालतं. पण जावातून बोलवायचं कसं? जायथन (जावाच्या आत चालणारं पायथन) पाहिलं, जमलं नाही. प्रोसेसबिल्डरनं (जावातून दुसरा प्रोग्रॅम सुरू करायची सोय) स्क्रिप्ट चालवली तर दरवेळी पायटॉर्च इम्पोर्ट व्हायलाच काही सेकंद जातात, तोवर फळ पुढं निघून जाते. आंबिया बहाराचा माल यायच्या आत लावायचं आहे, कोणी केलं असेल तर सांगा ना.

मेडिकल_चौक
जायथनचा नाद सोड भाऊ, ते पायथन २.७ वरच थांबलं अन पायटॉर्च त्यात चालतच नाही. फास्टएपीआयवर (वेब सर्व्हिस बनवायची पायथनची लायब्ररी) छोटी सर्व्हिस कर, मॉडेल सुरुवातीला एकदाच मेमरीत घे, अन जावानं लोकलहोस्टवर, म्हणजे त्याच मशीनवर, फोटो पाठवून उत्तर घ्यायचं. पायथन पडलं तरी बिलिंग चालू राहते, सीझनमध्ये हेच सगळ्यात महत्त्वाचं.

जुना_सीवाला
मेडिकल चौक म्हणतात ते बरोबरच आहे, पण त्याच्याही आधी एक गोष्ट पाहा. पायथनच्या जड लायब्रऱ्या आतून पायथन नसतातच. पायटॉर्चचं अन ओपनसीव्हीचं (फोटो हाताळायची लायब्ररी) खरं काम सी प्लस प्लसमध्ये होते, गणिताची सायपाय ज्या लॅपॅक लायब्ररीवर उभी आहे ते तर फोर्ट्रानचं, १९९२ सालचं. पायथन हे फक्त दार आहे, अन त्याच घराला जावाकडूनही दार असते. तुम्ही मॉडेल ओएनएनएक्समध्ये (कुठल्याही भाषेतून वापरता येणारा मॉडेलचा फॉरमॅट) एक्सपोर्ट करा, ते चालवणाऱ्या ओएनएनएक्स रनटाइमला जावाची अधिकृत एपीआय आहे, ओपनसीव्हीलाही जावा बाइंडिंग आहे. मग त्या मशीनवर पायथन टाकायचीच गरज नाही, अन ज्या गावात नेट धड चालत नाही तिथं एक इन्स्टॉल कमी होणं म्हणजे लय झालं.

फक्त एका ठिकाणी नीट लक्ष द्या. ओपनसीव्ही फोटो बीजीआर क्रमानं वाचते, म्हणजे निळा आधी अन लाल शेवटी. ताईंनी ट्रेनिंग पिलोनं (पायथनची फोटो उघडायची लायब्ररी) फोटो उघडून केलं असेल तर ते आरजीबी आहे, म्हणजे लाल आधी. जावाकडे क्रम उलटवला नाही तर मॉडेलला तुमचं संत्रं निळं दिसेल, एररही येणार नाही, ग्रेडिंग नुसतंच चुकत जाईल. म्हणून एकच फोटो दोन्हीकडे द्या अन मॉडेलच्या आत जाणारे पहिले काही आकडे छापून जुळवा, निकाल नंतर जुळवा. रिसाइज अन नॉर्मलायझेशनचंही (पिक्सेलचे आकडे ठराविक मापात आणणं) तसंच.

कामठी_रोड
काका, याच धाग्यात विचारते, आमच्याकडे वजनकाट्याची डीएलएल (विंडोजची तयार कोडची फाइल) आहे, तिची सी हेडर फाइलही दिली आहे. जेएनएनं (जावातून असा कोड बोलवायची लायब्ररी) लोड करताना अनसॅटिस्फाइड लिंक एरर येऊन राहिली, पाथ तर बरोबर आहे, काहून होत असेल?

जुना_सीवाला
ताई, डीएलएल ३२ बिटची अन तुमचा जावा ६४ बिटचा आहे का ते आधी पाहा. विंडोजवर ६४ बिटच्या प्रोसेसमध्ये ३२ बिटची डीएलएल लोड होतच नाही, पाथ कितीही बरोबर असो. तसं असेल तर डीएलएल एका छोट्या ३२ बिट प्रोग्रॅममध्ये ठेवा अन त्याच्याशी सॉकेटवर बोला. काटा सिरियल पोर्टवर असेल तर माझ्या मते डीएलएल सोडाच, जेसिरियलकॉम या जावा लायब्ररीनं पोर्ट थेट वाचा.

अन एवढ्यासाठी जेएनआयचा (जावाला सीशी जोडायची जुनी पद्धत) सी कोड लिहीत बसू नका. त्यात एक पॉइंटर चुकला तर एक्सेप्शन पकडता येत नाही, अख्खं जेव्हीएम (जावा चालवणारं इंजिन) खाली बसते अन मागे फक्त एचएस-ईआरआर ही क्रॅशची नोंद फाइल राहते. नवीन प्रोजेक्ट असेल तर जावा २२ पासून, म्हणजे मार्च २०२४ पासून, सीचा कोड थेट बोलवायची फॉरेन फंक्शन एपीआय पक्की झाली आहे, जेएक्स्ट्रॅक्ट या टूलला हेडर फाइल दिली की जावाचा कोड तोच काढून देतो. जुन्या जावावर जेएनए ठीक आहे.

संत्रानगरी_डेव्ह
काका, ओएनएनएक्सचं करून पाहिलं, आकडे जुळले! खरंच पिलोच होतं, क्रम उलटवल्यावर बरोबर आलं. पण बेल्ट चालू ठेवला की टास्क मॅनेजरमध्ये मेमरी चढतच राहते अन जावाची हीप (जावाची स्वतःची मेमरी) मात्र तेवढीच दिसते.

जुना_सीवाला
ती मेमरी हीपच्या बाहेरची आहे. ओपनसीव्हीचं मॅट (फोटो ठेवायचं ऑब्जेक्ट) जावाला एवढंसं ऑब्जेक्ट दिसते, त्यामागचा अख्खा फोटो सी प्लस प्लसकडे असतो, म्हणून जीसीला (जावाची मेमरी साफ करणारा भाग) घाई वाटत नाही. प्रत्येक फोटोनंतर मॅटवर रिलीज बोलवा, अन ओएनएनएक्सचे टेन्सर (मॉडेलला द्यायचे आकडे) अन रिझल्ट ट्राय-विथ-रिसोर्सेसमध्ये घ्या, म्हणजे काम झालं की ते आपोआप बंद होतात. सेशन, म्हणजे लोड केलेलं मॉडेल, मात्र दर फोटोला नवीन उघडू नका, ते एकदाच उघडून ठेवा.

मेडिकल_चौक
अन लावायच्या आधी रात्रभर तेच तेच फोटो फिरवत ठेव भाऊ, सकाळी मेमरी जिथल्या तिथं असली तरच काटोलला ने.