सेवेलामरचं क्रॉसलिंकिंग एनएमआरने कसं मोजावं? सल्ला हवा

रावपुरा_केमिस्ट:
नमस्कार मंडळी. मी वडोदऱ्यात मकरपुऱ्याच्या एका लॅबमध्ये काम करते. सेवेलामर कार्बोनेटच्या दोन बॅचमध्ये क्रॉसलिंकिंग (पॉलिमरच्या साखळ्यांना एकमेकींशी जोडणारे पूल) सारखंच आहे, हे दाखवायचंय. डायलिसिसच्या रुग्णांचं फॉस्फेट आटोक्यात ठेवणारं हे औषध कशातच विरघळत नाही, पाण्यात फुगून नुसती जेल होते. त्यामुळे द्रावणातलं एनएमआर (चुंबकीय क्षेत्रात अणूंचे सिग्नल टिपायचं तंत्र) बाद. बाहेरून कार्बन-१३ सीपी-मास (घन नमुना तिरका ठेवून वेगाने फिरवत केलेलं एनएमआर) करून घ्यायचा विचार आहे. तेवढ्यावर भागेल का?

मांजलपूरकर:
ताई, सीपी-मासने ओळख पटेल, मोजमाप होणार नाही. त्यात प्रोटॉनची ताकद कार्बनला दिली जाते. ज्या कार्बनला हायड्रोजन थेट जोडलेला, त्याचा सिग्नल भराभर वाढतो; कार्बोनेटच्या कार्बनला तो नाही, म्हणून तो मागे पडतो. एक मिलिसेकंदाच्या कॉन्टॅक्ट टाइमला (ताकद द्यायच्या वेळेला) १६० पीपीएमच्या (स्पेक्ट्रमवरच्या जागेचं माप) पुढचा कार्बोनेटचा पीक बुटका दिसला, तर कार्बोनेट कमी आहे असं कृपया रिपोर्टात लिहू नका.

आकडा हवा तर डायरेक्ट पोलरायझेशन (प्रोटॉनची मदत न घेता थेट कार्बन मोजणं) मागा. दोन पल्समधला वेळ सगळ्यात सुस्त कार्बनच्या टी-१च्या (पल्सनंतर सावरण्याच्या कालमापाच्या) पाचपट तरी हवा. कार्बन-१३ निसर्गात जेमतेम १.१ टक्के, तेव्हा मशीन रात्रभर अडकेल. अडकू द्या. इथे घाई केली की पुढचं सगळं गणित चुकतं.

६५-७० पीपीएमच्या आसपास एपिक्लोरोहायड्रिनमधून (साखळ्या जोडणाऱ्या रसायनातून) आलेला, ओएच असलेला कार्बन दिसेल. पण एकाच टोकाने जोडलेला, दुसरं टोक मोकळं राहिलेला तुकडाही तिथेच येतो. म्हणून नुसत्या त्या पीकवरून 'एवढे पूल' म्हणता येत नाही. जोडीला फुगण्याचं प्रमाण आणि फॉस्फेट बाइंडिंग द्याच.

सयाजीबाग:
वरच्याशी सहमत. ओलाव्याचंही बघा. हे पॉलिमर हवेतलं पाणी ओढतं, आणि पाण्याने साखळ्या सैल झाल्या की सीपीचा सिग्नल बदलतो. आपल्याकडच्या पावसाळ्यात तर बाटली उघडी ठेवूच नका. दोन्ही बॅच एकत्र, सारख्याच वाळवा. फार तापवू नका, कार्बन डायऑक्साइड निघून जायची भीती असते. जमल्यास जड पाण्यात फुगवून एचआर-मासही (फुगलेल्या जेलसाठीचं, फिरवत केलेलं एनएमआर) करून घ्या. ५४.७ अंशात फिरवल्यावर सैल भागांच्या रेषा छान बारीक होतात.

रावपुरा_केमिस्ट:
मोकळ्या टोकांचं लक्षातच आलं नव्हतं. पुण्याला एनसीएलमध्ये (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत) विचारते. नमुना किती पाठवू?

मांजलपूरकर:
चार मिलिमीटरच्या रोटरला (नमुना भरून फिरवायच्या नळीला) शंभरेक मिलिग्रॅम पुरतो. प्रत्येक बॅचचा त्याच्या तिप्पट द्या, घट्ट बंद करून, आणि वाळवल्याची तारीख बाटलीवर लिहा.