मदत हवी आहे: गाठीतलं लेगहिमोग्लोबिन (गुलाबी प्रोटीन) नक्की कोण बनवतं, जेलवर काही कळेना

नमस्कार मंडळी, एमएस्सीच्या प्रोजेक्टमधे पार अडकलोय. सोयाबीनच्या मुळांवरच्या गाठींमधे कुठलं प्रोटीन झाड बनवतं आणि कुठलं आतला ब्रॅडीरायझोबियम (गाठीत राहून हवेतला नायट्रोजन झाडाला देणारा बॅक्टेरिया), एवढंच दाखवायचंय. कागदावर एकदम सोपं वाटलेलं, झाडाच्या पेशीतले 80एस रायबोसोम (प्रोटीन बनवणारी यंत्रं) सायक्लोहेक्सिमाइडने बंद पडतात आणि बॅक्टेरॉइडचे (म्हणजे गाठीतल्या बॅक्टेरियाचे) 70एस क्लोरॅम्फेनिकॉलने, मग गाठींचे काप करून काही याच्यात काही त्याच्यात बुडवले, काही नुसत्या बफरमधे, चार तास ठेवले आणि बर्फावर खलात वाटले. पहिल्यांदा वाटता वाटताच गुलाबीचं तपकिरी झालं, मग पीव्हीपीपी आणि ॲस्कॉर्बेट घातलं तेव्हा कुठे रंग टिकला. आणि एवढं करून प्रोटीन आकारानुसार वेगळी करणारं जेल कुमासी डायने रंगवलं तर 16 किलोडाल्टनच्या आसपासचा लेगहिमोग्लोबिनचा तो जाडजूड बँड तिन्ही लेनमधे सेम टू सेम!! सायक्लोहेक्सिमाइड खराब झालंय का? की ग्लोबिनही (लेगहिमोग्लोबिनचा प्रोटीन भाग) बॅक्टेरियाच बनवतो?

प्रतिसाद १:
औषधाला कशाला दोष देताय 🙂 कुमासी जे काही साठलेलं आहे ते सगळं दाखवतं, नवीन जुनं त्याला कळत नाही. चिरल्यावर गाठ गुलाबी दिसते ती लेगहिमोग्लोबिनमुळेच, म्हणजे आधीच इतकं भरलेलंय की चार तास कारखाना बंद ठेवलात तरी गोदामात काय फरक दिसणार? ग्लोबिनचा जीन झाडाच्याच डीएनएत असतो, त्याबद्दल शंका नको. हीम (ग्लोबिनला जोडलेला लोहवाला भाग) कोण देतं हा वेगळा विषय, तुमच्या बँडशी त्याचा संबंध नाही. नवीन बनलेलं बघायचं तर किरणोत्सर्गी लेबल केलेलं अमिनो आम्ल द्यावं लागेल.

धागाकर्ता:
अर्रर्र, हे लक्षातच आलं नाही. लॅबमधे सल्फर-35 वालं मेथिओनिन मिळेल, ते चालेल ना?

प्रतिसाद २:
थांबा थांबा! सगळे सवयीने मेथिओनिनच घेतात, पण सोयाबीनच्या तयार लेगहिमोग्लोबिनमधे मेथिओनिन नाही आणि सल्फरवालं दुसरं अमिनो आम्ल सिस्टीनही नाही, सुरुवातीचं एक मेथिओनिन असतं ते छाटलं जातं. म्हणजे किरणोत्सर्ग टिपणाऱ्या फिल्मवर ती जागा औषध न दिलेल्या लेनमधेही कोरीच राहणार आणि तुम्ही परत डोकं धरून बसणार. ट्रिशियमवालं (किरणोत्सर्गी हायड्रोजनवालं) ल्युसिन घ्या, फक्त जेलला फ्लोरोग्राफी (जेलमधे चमकणारं रसायन मुरवून मग फिल्म लावणं) करावी लागेल, नुसती फिल्म लावून ट्रिशियम दिसत नाही. बॅक्टेरॉइड सेंट्रिफ्यूज करून वेगळे काढा आणि नायट्रोजिनेजचे (बॅक्टेरियाच्या नायट्रोजन पकडणाऱ्या एन्झाइमचे) बँड त्यातच शोधा. अजून एक, औषध जास्त वेळ ठेवू नका, बॅक्टेरॉइडला मॅलेट (त्यांचं खाद्य) झाडाकडून येतं, झाडाची पेशी ढेपाळली की तेही ढेपाळतात आणि मग सायक्लोहेक्सिमाइडने 70एस पण बंद पडले असं उगाच वाटतं. उलट बाजूनेही तेच, क्लोरॅम्फेनिकॉल झाडाच्या मायटोकाँड्रियाच्या रायबोसोमनाही धरतं.

धागाकर्ता:
बापरे, उद्या मेथिओनिनच मागवणार होतो, वाचवलंत! ल्युसिनचं गाईडना विचारतो. बाकी काप किती पातळ करायचे? माझे ब्लेडने हाताने केलेले आहेत, एक जाड एक पातळ असे, औषध आतपर्यंत पोचत असेल का त्यात?