'जांभळ्या टीशर्टवाल्यांची खंडणी' म्हणणाऱ्यांना

मृद्गंध

काल कॅलिफोर्नियातल्या महागाईच्या धाग्यावर अभय_फ्रेझ्नो यांनी लिहिलं होतं : "एसईआययू म्हणजे जांभळे टीशर्ट घालून केलेली खंडणी. झाडूवाले आणि आया यांच्याकडून वर्गणी उकळायची आणि पुढाऱ्यांच्या निवडणुकीत ओतायची." एसईआययू म्हणजे अमेरिकेतली सेवा क्षेत्रातल्या कामगारांची मोठी युनियन, जांभळा तिचा रंग. दोनदा वाचलं. राहवलं नाही, म्हणून वेगळा धागा काढतेय.

माझ्या सासूबाई शेवटची चार वर्षं लॉस एंजेलिसला आमच्या घरी अंथरुणाला खिळून होत्या. सरकारी योजनेतून त्यांच्यासाठी एक बाई यायची, मूळची एल साल्वाडोरची. दोन बस बदलून सकाळी सातला दारात हजर. सासूबाईंना हात लावायच्या आधी दोन्ही तळवे एकमेकांवर घासून गरम करायची. दर दोन तासांनी कूस बदलली की भिंतीला चिकटवलेल्या कागदावर वेळ लिहायची. चार वर्षांत पाठीला एकही जखम झाली नाही. मऊ भात करायला शिकली, 'थोडंसं खा' म्हणायला शिकली.

आता मला सांगा, या बाईचा मालक कोण? काउंटी, म्हणजे जिल्हा प्रशासन, म्हणायची, पगार आम्ही देतो पण कामावर तुम्ही ठेवता. आम्ही म्हणायचो, पैसे तर सरकारचे. युनियन करायचा हक्क देणाऱ्या १९३५च्या कामगार कायद्यातून घरकामगार आणि शेतमजूर आधीच वगळलेले. मग पगारवाढ मागायची कुणाकडे? एसईआययूने आधी मालक उभा करून घेतला. प्रत्येक काउंटीत सार्वजनिक प्राधिकरण करता येईल असा कायदा राज्याकडून करवून घेतला आणि मग त्या प्राधिकरणाशी बोलणी केली. या बायकांना कारखान्याचं गेट नाही, जेवणाची सुट्टी नाही. एकीला दुसरी माहीत नसते, एकेकीला घर गाठून शोधावं लागलं. १९९९मध्ये लॉस एंजेलिसला एका मतदानात ७४,००० जण युनियनमध्ये आले. तेव्हा त्यांना राज्याचं किमान वेतन मिळायचं, तासाला ५.७५ डॉलर. याला खंडणी म्हणता?

अभय_फ्रेझ्नो

ताई, तुमच्या सासूबाईंची सेवा झाली त्याबद्दल त्या बाईला माझा नमस्कार. पण माझं दुखणं वेगळं आहे. माझी सँडविचची दोन दुकानं आहेत, एका मोठ्या साखळीची फ्रँचायझी. १ एप्रिल २०२४ला फास्टफूडचं किमान वेतन १६ वरून थेट २० डॉलर झालं. देशभरात ६० दुकानं असलेल्या साखळ्यांना कायदा लागू. ती साठ साखळीची, माझी दोनच! साखळी विक्रीवर टक्केवारी घेते, नफा झाला काय, नाही झाला काय. मी एक पोरगा कमी केला आणि त्याच्या जागी रविवारी माझी बायको उभी राहते. तिचं किमान वेतन कोण ठरवणार?

विवेक_शिकागो

अभयशी सहमत. आमच्या इलिनॉयमध्ये सरकारी योजनेच्या पगारावर स्वतःच्या अपंग मुलाला घरी सांभाळणाऱ्या आईकडूनही याच युनियनला शुल्क द्यायची सक्ती होती. ती बाई सुप्रीम कोर्टात गेली, तेव्हा २०१४ला सुटका झाली. २०१८च्या जेनस निकालाने सगळ्याच सरकारी नोकरांची सक्ती गेली. इतकी चांगली युनियन आहे तर लोकांना मर्जीने पैसे देऊ द्या ना.

मृद्गंध

विवेक, करार सगळ्यांना लागू होतो. वाढ सगळ्यांना मिळते, मग बोलणीचा खर्च काहींनीच का करायचा? पण आईने मुलासाठी शुल्क द्यावं, हे मलाही पटत नाही. तेवढं तुमचं बरोबर.

अभय, तुमचा राग खरा आहे, पण चुकीच्या दारावर. त्याच २० डॉलरच्या कायद्याच्या मूळ मसुद्यात एक कलम होतं : दुकानात कामगार कायदा मोडला तर साखळीही जबाबदार. युनियनला ते हवं होतं. साखळ्यांनी २०२३च्या तडजोडीत ते काढायला लावलं. राहिला तो फक्त तुमचा खर्च.

निवडुंग

किती दिवस हे 'मजुरांचे तारणहार' चालायचं? युनियनच्या हट्टाचा शेवट काय होतो ते आपण मुंबईत १९८२च्या गिरणी संपात पाहिलंय. अडीच लाख घरं बसली. गिरण्या गेल्या, मॉल आले. त्यातून एवढं तरी शिका.

साचेखाते

निवडुंग, कुठे पाहिलंत तुम्ही? पुलावरून?

माझे बाबा गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे मागांवर होते. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला तेव्हा मी सातवीत. मार्चमध्ये आईच्या कानातले डूल गेले, गणपतीच्या आधी बाबा राजापूरला शेतावर गेले. चाळीत आमच्या मजल्यावरच्या बारा खोल्यांपैकी सात खोल्यांत पुरुषच उरला नव्हता. संपाचे पुढारी डॉ. दत्ता सामंतांनी गिरण्या बंद पाडल्या हे ज्याला म्हणायचं त्याने म्हणावं. मालकांनी नवी यंत्रं आणली नव्हती, कापड आधीच यंत्रमागावर भिवंडीला जात होतं.

निवडुंग

म्हणजे सामंतांची काहीच चूक नाही? डॉक्टर माणूस, संप कधी थांबवायचा हे कळू नये? अधिकृतपणे तो संप मागे घेतलाच नाही कधी. माझ्या मामाची नोकरी गेली ती गेलीच.

साचेखाते

चूक होती. ऑगस्टपर्यंत तडजोड करायला हवी होती, बाबाही शेवटी तेच म्हणायचे. झालं समाधान? पण सामंतांकडे लोक का गेले ते विचारा. १९४६च्या औद्योगिक संबंध कायद्याने गिरण्यांत मान्यता एकाच संघटनेला, राष्ट्रीय मिल मजदूर संघाला. कामगार तिकडे ढुंकून बघत नव्हते, पण सही करायचा हक्क तिचाच. आपला माणूस निवडता येत नाही म्हणून एवढा मोठा संप झाला.

आणि मृद्गंधताई, हे तुमच्या एसईआययूलाही लागू आहे. २००९ला वॉशिंग्टनच्या मुख्यालयाने कॅलिफोर्नियातली आरोग्य कामगारांची ओकलंडची शाखा ताब्यात घेतली, निवडून आलेले सॅल रोसेली आणि त्यांचे सहकारी काढले. त्यांनी मग वेगळी युनियन काढली. त्या भांडणात ज्यांची वर्गणी खर्च झाली त्या आया आणि वॉर्डबॉय होते. वरून नेमलेला पुढारी मला लालबागलाही चालला नाही आणि ओकलंडलाही चालणार नाही.

मृद्गंध

धागा भरकटतोय, पण तुमचा मुद्दा मला लागला. २००९चं मी मुद्दामच लिहिलं नव्हतं. लिहायला हवं होतं.

प्रभाकर_सॅनहोजे

मग डायलिसिसचंही लिहा. २०१८, २०२०, २०२२, तीनदा त्याच शाखेने डायलिसिस केंद्रांवर नवे नियम लादायला सार्वमत आणलं, तीनदा हरली. केंद्रांतले कामगार युनियनमध्ये येईनात म्हणून हा दबाव. माझे वडील आठवड्यातून तीन दिवस चार-चार तास त्या खुर्चीत. टीव्हीवर जाहिरात लागली की विचारायचे, "आपलं सेंटर बंद होणार का रे?" आजारी माणसाच्या जिवावर वाटाघाटी करायच्या नसतात.

मृद्गंध

'बंद होईल' म्हणणाऱ्या जाहिराती केंद्रांच्या मालकांनी दिल्या होत्या, युनियनने नव्हे. पण तिसऱ्यांदा आणायचं कारण मलाही कळलं नाही. मी २०२२ला विरोधात मत दिलं.

अश्विनी_क्वीन्स

मी आजवर संपाच्या विरोधात होते. डॉक्टरने संप करायचा नाही, हे आमच्या घरात शिकवलेलं. माझा मुलगा पुण्याहून एमबीबीएस करून इथे न्यूयॉर्कला रेसिडेंट डॉक्टर आहे, व्हिसावर. मे २०२३मध्ये इथल्याच एल्महर्स्ट हॉस्पिटलच्या दीडशेहून जास्त रेसिडेंटनी तीन दिवस संप केला, त्यांची संघटना एसईआययूचीच. बहुतेक परदेशात शिकलेली मुलं. २०२०च्या कोविडमध्ये जिथे प्रेतांची रांग लागली तेच हॉस्पिटल. मॅनहॅटनच्या माउंट सायनायमधल्या रेसिडेंटइतकाच पगार हवा, एवढंच मागणं. तीन वर्षांत १८ टक्के वाढ मिळाली. माझा मुलगा दुसऱ्या हॉस्पिटलात, पण सुट्टीच्या दिवशी त्यांच्यासाठी पाणी घेऊन गेला. मी फोनवर ओरडले, व्हिसा जाईल म्हणून. तो म्हणाला, "आई, एकट्याचा जातो."

निवडुंग

व्हिसावर येऊन संप. कठीण आहे.

साचेखाते

तुमच्या मामांनाही कुणीतरी असंच म्हटलं असेल तेव्हा.

अभय_फ्रेझ्नो

साचेखाते, मामांवर जाऊ नका. माणूस गेला असेल.

मृद्गंधताई, ते साखळीला जबाबदार धरायचं कलम मी काल रात्री शोधून वाचलं. मला आमच्या मालक-संघटनेने त्याच्या विरोधात सही करायला सांगितलं होतं, आणि न वाचता मी केली. 'खंडणी' मागे घेतो. २० डॉलर एका रात्रीत करणं चुकीचं होतं, यावर मी कायम आहे.

मृद्गंध

टप्प्याटप्प्याने करायला हवं होतं, हे मान्य. आता ती बाई पासाडेनाला एका आजोबांकडे जाते. तिला तुमचा नमस्कार सांगते.