मदत हवी: तोच दगड रोव्हरवर दुसऱ्या दिवशी 1.8 मीटर सरकला

धागाकर्ता: नमस्कार मंडळी. आष्टी तालुका (बीड), साडेसहा एकरांचा गट. उपग्रहावरून मोजायचा स्वतःचा संच आहे: खुंटीवर उभा करायचा बेस आणि दगडोदगडी फिरवायचा रोव्हर, दोन्ही रेडिओवर जोडलेले. दोन्ही दिवस सगळे पॉइंट फिक्समध्ये घेतले, तरी कोपऱ्याचा दगड दुसऱ्या दिवशी 1.8 मीटर उत्तरेला येतोय. शिवाय दोन दगडांमध्ये टेपने 200.00 मीटर भरतात, रोव्हर 199.91 दाखवतो. शेजारी म्हणतो टेपच खरा.

परभणीकर: बेस एकाच खुंटीवर होता का? त्याचे कोऑर्डिनेट टाइप केले की कंट्रोलरवर (हातातल्या यंत्रावर) 'हिअर', म्हणजे 'आहे तीच जागा घे', दाबलं?

धागाकर्ता: खुंटी तीच. दोन्ही दिवस 'हिअर'.

परभणीकर: मग तिथंच घोळ आहे. फिक्स म्हणजे बेसपासून रोव्हरपर्यंतचं माप सेंटिमीटरात पक्कं, एवढंच. बेस स्वतः कुठे उभा आहे हे 'हिअर' दाबल्यावर तो एकट्याने ठरवतो आणि त्यात दोन-तीन मीटर सहज इकडेतिकडे होतात. बेस जेवढा चुकला तेवढेच सगळे पॉइंट सरकतात, म्हणून गटाचा आकार बरोबर दिसतो आणि चूक लक्षात येत नाही.

दुसऱ्या दिवसाचं काम टाकून देऊ नका. दोन्ही दिवस मोजलेले निदान तीन दगड घ्या, पूर्व आणि उत्तर दोन्हींचा फरक काढा. तिन्हींवर फरक 2-3 सेंमीच्या आत जुळला तर दुसऱ्या दिवसाचे सगळे पॉइंट तेवढेच मागे घ्या. जुळला नाही तर रोव्हरच्या पोलचा (काठीचा) बबल, म्हणजे पाणसळ, तपासा. 2 मीटरचा पोल 2 अंश कलला की टोक 7 सेंमी चुकतं. पुढच्या वेळी त्याच खुंटीवर पहिल्या दिवसाचे कोऑर्डिनेट हाताने टाका आणि काम सुरू करण्याआधी एक जुना दगड मोजून बघा. कोऑर्डिनेट देशाच्या चौकटीत हवे असतील तर भारतीय सर्वेक्षण विभागाच्या कॉर्स नेटवर्कवरून (कायमच्या बेस स्टेशनांच्या जाळ्यावरून) करेक्शन घ्या. काळ्या रानात ट्रायपॉडचे पाय भेगेत रुततात, दुपारी बेसचा बबल परत बघा.

साखळी_आणे: 9 सेंमीचं उत्तर वेगळं आहे, त्यात ना तुमचा दोष ना टेपचा. कंट्रोलर यूटीएम झोन 43 मध्ये, म्हणजे नकाशाच्या सपाट ग्रिडवरचं अंतर दाखवतोय. मध्य रेखांश 75 अंश, तिथं स्केल 0.9996, म्हणजे 1 मीटर ग्रिडवर 0.9996 मीटर भरतो. आष्टी त्या रेषेला अगदी खेटून आहे, म्हणून 200 मीटरमागे 8 सेंमी तिथंच कमी. जमिनीच्या उंचीमुळे आणखी एखादा सेंमी. परभणीत हाच फरक जवळपास दिसत नाही आणि नांदेडला उलटा होतो, ग्रिडचं अंतर टेपपेक्षा जास्त भरतं. कंट्रोलरमध्ये 'ग्राउंड' (जमिनीवरचं) अंतर निवडा, टेपशी जुळेल.

बाकी शेजाऱ्याला टिपण (जुन्या मोजणीची नोंद) दाखवा. तेव्हा मोजायला 33 फुटांची साखळी, तिचे भाग 16 आणे. म्हणजे एक आणा जवळपास 63 सेंमी. जुनी मापं त्या बारकाईची, त्यात 9 सेंमीवरून भांडायचं कशाला?

धागाकर्ता: तीन दगड काढले. फरक 1.81, 1.80, 1.82 उत्तरेला, पूर्वेला तिन्हीकडे 0.4 च्या आसपास. सरकवतो.

परभणीकर: छान. पण बांधावर खुणा रोवू नका. हद्द कायम करायची तर उप अधीक्षक, भूमी अभिलेख यांच्याकडे मोजणीचा अर्ज करा, वादात त्यांचीच 'क' प्रत (मोजणी नकाशाची प्रत) चालते.