सदाफुली पावसात का मरते?

वेंगुर्ल्यात राहते. मे महिन्यात आठ-आठ दिवस पाणी चुकलं तरी सदाफुली फुलत होती. आषाढात बुडखे काळे पडून तीन रोपं आडवी. काय चुकलं?

— पाणी! मूळची मादागास्करची ती, मुळाशी ओल साचली की कुजते. माझ्याकडे गडग्याच्या फटीत, जांभ्याच्या दोन चिऱ्यांमध्ये चिमूटभर मातीत आपोआप उगवलेली चार वर्षं टिकून आहे. कुंडीतली लाडावलेली गेली. मातीत निम्मी नदीची रेती घाला, समुद्राची नको, खारट असते. शेणखत मूठभरच, नाहीतर नुसता पाला.

— शेंगा तडकण्याआधी काढा. बी काळं, बारीक. मातीने झाका, अंधारात रुजतं. झाड विषारी, पोरांना जपा.

— अगं बाई, कुंड्या पागोळीखालीच होत्या!