मदत हवी आहे: पाचवा महिना, युरिन इन्फेक्शन, अँटिबायोटिक घेऊ की नको?

पाचवा_चालूये: नमस्कार, मी इथे वाचनमात्र असते, पहिल्यांदाच धागा काढतेय.

२१ आठवडे झालेत, पहिलंच बाळ. त्रास म्हणाल तर काहीच नाही, जळजळ नाही ताप नाही, पण रूटीन युरिन कल्चरमध्ये (लघवीतले जंतू वाढवून बघतात ती तपासणी) ई. कोलाय जंतू निघाले आणि डॉक्टरांनी नायट्रोफ्युरेंटॉइन १०० लिहून दिली, सकाळ-रात्र ७ दिवस. गोळ्या आणल्यात पण अजून सुरू केल्या नाहीत. सासूबाई म्हणतात काही होतच नाहीये तर औषध कशाला, धन्याचं पाणी पी. काळजीनेच बोलतात, त्यामुळे वादही घालवत नाही. गुगलवर एकीकडे चालते लिहिलंय, दुसरीकडे गरोदरपणात टाळा, आता यातलं धरायचं काय? त्यात शेजारच्या काकू नॉरफ्लॉक्सची उरलेली पट्टी घेऊन आल्या, त्यांना म्हणे लगेच आराम पडला होता.

रोज मुलुंड ते सीएसएमटी अपडाऊन, लेडीज डब्यात पाय ठेवायला जागा नसते तिथे मध्येच उतरून कुठे जाणार, म्हणून पाणी बेतानेच पिते. त्यामुळे झालं असेल का? डॉक्टर आता सोमवारीच भेटतील. घरगुती उपाय नकोत प्लीज, ते घरात भरपूर आहेत :)

नाईटड्युटी: गायनॅकला रेसिडेंट आहे. आधी काकूंची पट्टी परत करा. नॉरफ्लॉक्स, सिप्रो, ओफ्लॉक्स सगळी एकाच घराण्यातली, गरोदरपणात आम्ही शक्यतो हात लावत नाही. डॉक्सीसायक्लिनही नाही, बाळाच्या दातांवर डाग पडतात.

गुगलची दोन्ही उत्तरं खरी आहेत, फक्त महिने वेगळे. नायट्रोफ्युरेंटॉइन पहिल्या ३ महिन्यांत दुसरा पर्याय असेल तर टाळतात, आणि ३८ आठवड्यांनंतर देत नाहीत कारण बाळाच्या तांबड्या पेशी फुटायची भीती. तुम्ही मधल्या काळात आहात, इथे ती सर्रास देतात. तुम्हाला किंवा घरात कोणाला जी६पीडी (तांबड्या पेशी जपणारं एन्झाइम) कमी असेल तर मात्र पहिली गोळी घ्यायच्या आधी डॉक्टरांना फोन.

सासूबाईंचा मुद्दा एरवी बरोबर आहे, गरोदर नसलेल्या बाईला त्रास नसेल तर आम्ही पण बहुतेक वेळा देत नाही. पण पोटुशी असताना हार्मोन्सनी मूत्रनलिका सैल पडतात, वरून गर्भाशयाचा दाब, लघवी तुंबते आणि जंतू किडनीपर्यंत चढतात. उपचार न करता सोडलं तर १००तल्या २०-३० जणींना किडनीचं इन्फेक्शन होतं, मग ॲडमिशन, सलाइन, वेळेआधी कळा सुरू व्हायचा धोका. पाणी कमी पिण्याने भर पडते, पण सगळं खापर ट्रेनवर नको.

औषधवाला_दादर: गोळी जेवणावरच घ्या नाहीतर मळमळतं. लघवी गडद पिवळी, तपकिरी दिसेल, ते औषधाने. रंग बघून गोळ्या बंद करणाऱ्या बायका काउंटरवर नेहमी येतात. ॲसिडिटीसाठी काही घेत असाल तर मॅग्नेशियम ट्रायसिलिकेटवालं नको, गोळी नीट शोषली जात नाही.

दोन_लेकरांची_आई: मला सातव्यात झालं होतं, फॉस्फोमायसिनची ३ ग्रॅमची पुडी दिलेली, पाण्यात घालून एकदाच. मुलगी ठणठणीत आहे, आत्ता मागे किंचाळतेय. कोर्स संपल्यावर परत कल्चर करायला सांगतील, ते टाळू नकोस गं.

पाचवा_चालूये: सगळ्यांचे आभार. जी६पीडीचं माहेरी-सासरी विचारलं, कोणाला नाही. जेवून पहिली गोळी घेतली. सासूबाईंना तो तुंबण्याचा भाग वाचून दाखवला, म्हणाल्या बरं घे, पण धन्याचं पाणी पण घे. एकच राहिलं, मध्येच ताप आला तर सोमवारपर्यंत थांबू का?

नाईटड्युटी: अजिबात नाही. ताप, थंडी वाजणं, पाठीत एका बाजूला दुखणं, उलट्या, पोट कडक होणं, यातलं काहीही झालं तर त्याच रात्री जिथे नाव घातलंय तिथे कॅज्युअल्टीला जा. ही गोळी लघवीत पोचते, किडनीत पुरेशी नाही, तेव्हा इंजेक्शनंच लागतात. कल्चरचा रिपोर्ट सोबत ठेवा, कुठलं औषध लागू पडतं ते त्यातच लिहिलेलं असतं.