क्रौर्य नव्हे, शोक
एकांनी नरभक्षण म्हणजे निव्वळ राक्षसीपणा असं लिहिलंय. मला ते पटत नाही. पापुआ न्यू गिनीतले फोरे लोक मेलेल्या आप्तांना खात. किड्यांनी खाण्यापेक्षा आपल्या माणसांनी खाल्लेलं बरं, ही त्यामागची माया. मेंदू बहुतेक बायका-मुलांच्या वाट्याला येई, म्हणून 'कुरू' हा मेंदू खाण्यातून पसरणारा, अंगाला कंप सुटून जीव घेणारा आजार त्यांनाच जास्त झाला. १९५० च्या दशकात प्रथा मोडत गेली, तरी अंगात दबून राहिलेला तो आजार काहींना ४० वर्षांनंतरही झाला! इथे बडोद्यात, दांडिया बाजारातल्या आमच्या घरी आजीच्या पिंडाला कावळा शिवेना, तेव्हा आई रडकुंडीला आली होती. फोरे बायकांबद्दल वाचताना मला तिचाच चेहरा आठवतो.